आणखी दोन रेडिएटर

सप्टेंबर सरत आला की फोन सुरू होतात. स्लाऊ, हाउन्स्लो, हॅरो या लंडनच्या पश्चिम पट्ट्यात मी बॉयलरची कामं करतो. गॅस सेफची नोंदणी आहे, कार्ड खिशात असतं. आपली मंडळी या भागात बरीच, त्यामुळे फोनवर मराठीही बरंच चालतं. प्रश्न मात्र ठरलेला: ‘दादा, मागे एक्स्टेन्शन काढलंय, बॉयलर २८ किलोवॅटचा आहे. आणखी दोन रेडिएटर झेपतील का त्याला?’

विचारणारा बहुधा आयटीतला असतो, म्हणून त्याने आधीच एक्सेलमध्ये बेरीज मांडलेली असते. प्रत्येक रेडिएटरचे बीटीयू, त्यांना ३४१२ ने भागून किलोवॅट, खाली एकूण. ही बेरीज बरोबर असते आणि तिचा फारसा उपयोग नसतो. कंपनीच्या पत्रकातला आकडा रेडिएटरमधलं पाणी सरासरी ७० अंश आणि खोली २० अंश असं धरून काढलेला असतो. पाणी ५० अंशांवर आणलं की तोच रेडिएटर जेमतेम निम्मी उष्णता देतो. शिवाय रेडिएटर स्वतःहून उष्णता खात नाही. उष्णता जाते ती भिंतीतून, छतातून, खिडकीच्या फटीतून. आहे त्याच खोलीत दुसरा रेडिएटर लावला, तर खोली तापल्यावर बॉयलरवरचा भार होता तेवढाच राहतो.

बरं, २८ चा हा आकडा घर तापवण्यासाठी नसतोच. कॉम्बी बॉयलर नळाचं पाणी वाहतं असतानाच तापवतो. मिनिटाला साडेअकरा लिटर पाणी ३५ अंशांनी तापवायचं तर २८ किलोवॅट लागतात. म्हणजे एवढा मोठा बॉयलर घेतला तो अंघोळीसाठी. इथल्या बहुतेक घरांत बॉयलरच्या अंगात ताकद कमी नसते, जास्तच असते. ऑक्टोबरात घराला तीन किलोवॅट हवे असतात आणि बॉयलरची खालची मर्यादा सात असते. मग तो दिवसभर पेटतो, विझतो, पुन्हा पेटतो. गरम पाण्याची टाकी वेगळी असेल तर हिशोब थोडा बदलतो, कारण तीही त्याच बॉयलरवर तापते.

घराला खरंच किती लागतं हे मी गॅसच्या मीटरवर बघतो. कडाक्याची थंडी पडली, बाहेर शून्याच्या आसपास असलं, की घरच्यांना सांगतो: आज रात्री हीटिंग बंद करू नका. संध्याकाळी सातला मीटरचा फोटो काढा, उद्या सातला पुन्हा. स्लाऊच्या एका घरात, १९३० च्या दशकातल्या जोडघरात, दोन फोटोंत १४ घनमीटरचा फरक निघाला. एका घनमीटरचे साधारण ११.२ किलोवॅट-तास, म्हणजे १५७. भागिले २४, साडेसहा. त्यातून धुराड्यावाटे गेलेलं, अंघोळीचं आणि शेगडीचं वजा केलं की घराच्या वाट्याला पाच-साडेपाच किलोवॅट उरले. (मीटर जुना, शंभर घनफुटांचा असेल तर आधी २.८३ ने गुणायचं.) नव्या नियमांनुसार नीट इन्सुलेशन घालून बांधलेली मागची खोली त्यात फार तर किलोवॅटभर घालते. काचेच्या कन्झर्व्हेटरीची गोष्ट वेगळी. तिथे घरचं हीटिंग नेलं की इंग्लंडात बांधकाम नियमांतली तिची सूट जाते, आणि ती तापवणं म्हणजे पैसे जाळणंच.

तर बॉयलर पास. तरीही त्या घरातले नवे दोन रेडिएटर गारच होते, आणि वरच्या मजल्यावरचा शेवटचाही गारठला होता. दोष पाइपात होता. बिल्डरला जमिनीखाली जवळचा पाइप सापडला, त्याने तिथेच टी मारली. तो १५ मिलिमीटरचा फाटा, त्यावर आधीचेच चार रेडिएटर. जाण्या-येण्याच्या पाण्यात अकरा-बारा अंशांचा फरक धरला तर असा पाइप सहा किलोवॅटच्या आसपास वाहून नेतो. त्यापुढे पाणी रेटलं की पाइप घोंघावायला लागतात. २२ मिलिमीटरचा पाइप दुपटीहून जास्त नेतो. जुन्या घरांत काही ठिकाणी करंगळीएवढे, आठ-दहा मिलिमीटरचे पाइप निघतात. त्यांच्यावर नवा रेडिएटर चढवायचा विचारही करू नये.

पाणी कालव्यातलं असो की पाइपातलं, स्वभाव एकच: वरच्या अंगाचं शेत आधी भिजतं, टेलचा शेतकरी वाट बघत बसतो. म्हणून प्रत्येक रेडिएटरच्या एका टोकाला लॉकशील्ड व्हॉल्व्ह असतो, टोपीखाली लपलेला. पंपाजवळच्या रेडिएटरांचा पाव फेरा उघडा ठेवायचा, लांबच्यांचा पूर्ण. पाइपांना थर्मामीटरचे चिमटे लावून मी घरभर फिरतो, जरासं पिळतो, थांबतो, पुन्हा आकडा बघतो. घाईत हे होत नाही आणि याचे पैसे द्यायला लोक कुरकुरतात, कारण दिसायला काहीच बदललेलं नसतं.

स्लाऊच्या त्या घरात मी नव्या खोलीसाठी बॉयलरपासून वेगळी २२ ची जोडी ओढली. बाकी किरकोळ. पाणी वाढलं की तापल्यावरचा फुगवटाही वाढतो. शंभर लिटरमागे तीनेक लिटर. ते सामावून घ्यायला बॉयलरमधलं एक्स्पान्शन व्हेसल पुरतं का ते तपासलं, गंज रोखणारं रसायन पुन्हा घातलं, थंड असताना दाब सव्वा बारवर ठेवला.

आणि रेडिएटरांचा एकूण आकार वाढला होता, म्हणून जाणारं पाणी ५५ अंशांवर आणलं. इंग्लंड-वेल्समध्ये २००५ पासून जवळपास प्रत्येक नवा गॅस बॉयलर कन्डेन्सिंग जातीचाच बसतो. पण परतीचं पाणी ५५ च्या खाली राहिलं तरच धुरातली वाफ पाणी होऊन तिची उष्णता हाती लागते. रेडिएटर वाढवून बिल कमी होतं, हे गिऱ्हाइकांना सांगूनही पटत नाही.

त्या घरातल्या काकूंना तर मुळीच पटलं नाही. हिवाळ्यापुरत्या त्या सांगलीहून आल्या होत्या. ‘कोमट आहे हो हे,’ रेडिएटरवर हात ठेवून म्हणाल्या, ‘बिघडलंय.’ खोलीत २० अंश होते. मी थर्मामीटर पुढे केला, तर त्यांनी तो बाजूला सारला. आता म्हणे रोज संध्याकाळी त्या बॉयलरचं बटण फिरवून ६५ करतात आणि सकाळी कामाला निघताना मुलगा ते परत ५५ वर आणतो.