खोळ नवी, गादी जुनी

घरांतील ज्या वस्तूवर आपण आयुष्याचा तिसरा हिस्सा घालवितों, तिजकडेच आपलें लक्ष सर्वांत कमी असतें. चादरीचा रंग कोणता असावा यावर घरांत वाद होतील. परंतु चादरीखालील गादीचें आंतून काय झालें आहे, हें पाहण्याची तसदी कोणी घेत नाहीं. पूर्वीं ही आठवण करून देणारा मनुष्य दारावरून जात असे. पावसाळा सरला कीं पिंजाऱ्याच्या धनुकलीचा टणत्कार आळींत ऐकूं येई, आणि वाड्यांतील गाद्या मागल्या अंगणांत निघत. खोळ उसवावयाची, गोळे झालेला कापूस पिंजावयाचा, आणि तोच पुन्हां भरून टांके घालावयाचे. वर्षांतून एकदां तरी प्रत्येकाच्या गादीच्या अंतरंगाचें असें दर्शन घडे. फोम आला, पिंजारी गेला, आणि हें दर्शनहि गेलें. त्यानें आमचें काय हरपलें, हें आम्हांस घरीं कळलें नाहीं. तें कळावयास इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील एका शिडाच्या होडींत जावें लागलें.

आमचा पुतण्या साउदम्प्टनला नोकरीस आहे. तेथून जवळच हॅम्बल नांवाची लहानशी नदी खाडीस मिळते. तिच्या मुखाशीं होड्यांची एवढी दाटी असते कीं, डोलकाठ्यांचें रानच उभें आहे असें वाटावें. पुतण्याचीहि तेथें एक जुनी होडी आहे. वेस्टर्ली सेंटॉर ही तिची जात, आणि लांबी २६ फूट. १९६९ ते १९८० या काळांत अशा दोन हजारांहून अधिक होड्या बांधल्या गेल्या. हिच्या तळाशीं एकाऐवजीं दोन पातीं असतात. त्यामुळें ओहोटी लागली तरी ही कलंडत नाहीं, चिखलांत दोन पायांवर उभी राहते. पोटांत एक केबिन आहे. तींत दोन्ही बाजूंस बांक आणि पुढें निमुळत्या नाळेंत निजण्याची त्रिकोणी जागा. बांकांवर दिवसां बसावयाचें आणि रात्रीं त्यांवरच निजावयाचें.

२०२३ च्या जून महिन्यांत आम्ही उभयतां आणि आमच्या वहिनी, म्हणजे पुतण्याच्या मातुश्री, तिकडे गेलों होतों. सर्वांनीं मिळून वाइट बेटाच्या यार्मथ बंदरापर्यंत जावयाचें ठरलें. समुद्र शांत होता, वारा अनुकूल होता, आणि ७२ वर्षांच्या वहिनी केबिनच्या दारांत बसून स्तोत्रें म्हणत होत्या. दोन रात्री अशा आनंदांत गेल्या. तिसऱ्या दिवशीं सकाळीं मात्र त्यांस उठतां येईना. पाठ धरली होती. "थंडी बाधली असेल, भावोजी. दोन घटकांत बरें वाटेल," एवढेंच त्या म्हणाल्या.

सूनबाईंनीं त्यांस हात देऊन बसविलें आणि सहज गादीवर तळहात दाबला. तो थेट फळीस जाऊन टेकला! चार इंचांची गादी भार पडतांच बोटभर उरत होती. खोळ मात्र कोरी करकरीत, निळ्या रंगाची. चेन उघडून पाहिलें तों आंतील फोम पिवळा पडलेला, आणि चिमटींत धरतांच त्याचा भुगा होई. उलगडा झाला तो असा: होडी विकणाऱ्या गृहस्थानें खोळी तेवढ्या नव्या शिवून घेतल्या होत्या, आणि आंतील फोम होडीच्या जन्मापासूनचा तसाच राहूं दिला होता. पुतण्यानें खोळी पाहून सौदा केला. तीन वर्षे तो स्वतः नाळेंतील बऱ्या गादीवर निजत होता. त्यामुळें बांकावरील हाल त्यास ठाऊकच नव्हते.

"आई, तूं पहिल्याच रात्रीं कां नाहीं सांगितलेंस?" त्यानें विचारलें.

"मला कठीण अंथरुणाची सवय आहे," वहिनी म्हणाल्या.

तेव्हां आमच्या कुटुंबानें एक गोष्ट सांगितली. आमच्या लग्नाच्या वेळीं नव्या गादीस कापूस कमी पडला होता. पिंजारी अंगणांत बसला होता. वहिनींनीं स्वतःची गादी उसवून तींतील कापूस त्याच्यापुढें टाकला, आणि पुढें कित्येक वर्षे त्या सतरंजीवर घडी घातलेलें पांघरूण पसरून निजल्या. ही हकीकत घरांतील सर्व बायकांस ठाऊक होती. आम्हां पुरुषांपैकीं एकासहि ठाऊक नव्हती, कारण एकानेंहि विचारलें नव्हतें. त्या कापसावर आम्ही सुखानें निजलों होतों! आम्हांस काय बोलावें तें सुचेना.

परत येतांच गाद्यांचें काम आम्हीं अंगावर घेतलें. कापूस दमला तर तो पिंजून पुन्हां ताजा होतो. फोमचें तसें नाहीं. या फोमचें मूळ रसायन ओटो बायर या जर्मन शास्त्रज्ञानें १९३७ सालीं सिद्ध केलें. त्याच्या अंगांत असंख्य सूक्ष्म कोष असतात. वर्षानुवर्षे दाबलें गेल्यानें आणि दमट हवेनें त्या कोषांच्या भिंती फाटतात, आणि एकदां फाटल्या म्हणजे कोणत्याहि उपायानें त्या सांधत नाहींत. दुकानदारानें आम्हांस आणखी एक भेद समजाविला. घट्टपणा निराळा आणि घनता निराळी. बोट दाबून कळतो तो घट्टपणा. टिकाऊपणा घनतेवर अवलंबून असतो. कमी घनतेचा फोमहि दुकानांत घट्ट लागतो आणि थोड्याच वर्षांत बसतो. आम्हीं घनमीटरास ४० किलो भरणारा घेतला. फोमच्या सामानास आग लागली तर विषारी धूर निघतो. १९७९ सालीं मँचेस्टरच्या एका मोठ्या दुकानांत अशा धुरानें १० माणसें दगावलीं; पुढें १९८८ सालीं तिकडे याविषयीं कडक नियम झाले. होडीच्या इवल्याशा केबिनींत चूलहि तेथेंच आणि बिछानाहि तेथेंच. म्हणून सहजासहजीं पेट न घेणारा फोमच आम्हीं मागून घेतला.

होडींत काटकोन म्हणून सांपडत नाहीं. तिची बाजू खालून वर फांकत जाते, म्हणून गादीची वरची बाजू रुंद आणि खालची अरुंद. डावी गादी उजवीकडे बसत नाहीं. आम्हीं तपकिरी कागदाचे नमुने कापले, खोळ तंग बसावी म्हणून प्रत्येक मापांत अर्धा इंच वाढविला, आणि तरीहि पहिलाच तुकडा उलट्या उताराचा कापून ठेवला! त्याचे पुढें लहान लोड झाले. फोम कापण्यास विजेची सुरी उत्तम. परंतु तिकडे ती मांस कापण्यासाठीं विकतात. वहिनींच्या समाधानासाठीं पुतण्यानें कोरी सुरी आणून त्यांच्यासमोर वेष्टन फोडलें. फोम खोळींत घालण्याची युक्ति तर पाहण्यासारखी आहे. तो पातळ प्लास्टिकच्या पिशवींत घालून व्हॅक्यूम क्लीनरनें हवा ओढून घ्यावयाची; तो आखडला कीं खोळींत सरकवावयाचा; मग पिशवी फाडून ओढून काढली म्हणजे तो फुगून कोपरान्‌कोपरा भरतो.

हें सर्व पाहून वहिनींनीं विचारलें, "फोम निघण्यापूर्वीं होडींत काय भरीत?" उत्तर ऐकून त्यांस मौज वाटली. सांवरीचा कापूस भरीत! त्याचे तंतु पोकळ आणि मेणचट असल्यानें पाणी आंत शिरत नाहीं. बुडत्याला तारणारीं जाकिटेंहि त्याचींच करीत. "म्हणजे आमच्या माहेरच्या उशा पाण्यावर तरल्या असत्या," त्या म्हणाल्या.

फळ्यांखालून हवा खेळावी म्हणून पुतण्यानें त्यांस भोकें पाडलीं, कारण निजलेल्या माणसाची ऊब आणि होडीचें थंड अंग यांमुळें गादीखालीं दंव धरतें आणि बुरशी येते. आठ दिवसांनीं पहिली गादी तयार झाली, ती वहिनींच्या बाजूस घातली. त्या बसल्या, हातानें चांचपून पाहिलें, आणि विचारलें, "बाकीच्यांच्या झाल्या का?"

"वहिनी, या वेळीं आधीं तुमची," आम्ही म्हणालों. त्या कांहीं बोलल्या नाहींत, पण दुपारीं तेथेंच दोन तास गाढ निजल्या.

पुण्यास परतल्यावर आम्हीं घरांतील प्रत्येक गादी उघडून पाहिली, आणि आतां दर दिवाळीनंतर पाहतों. वाचकांस आमची विनंति एवढीच. घरांत जें माणूस कधीं तक्रार करीत नाहीं, त्याच्या गादीवर आज हात दाबून पाहावा. खोळ पाहून समाधान मानूं नये.