हळदीचा कागद

मुलांना रसायनशास्त्राची गोडी लावण्याच्या कामात माझी उणीपुरी तीस वर्षे गेली, आणि या काळात प्रयोगशाळेच्या कपाटांतील कितीतरी मोलाची द्रव्ये हाताळूनही मिसळणाच्या डब्यातील हळदीइतकी विश्वासू आणि तिच्याइतकी गूढ वस्तू मला दुसरी आढळली नाही. पांढऱ्या सदऱ्यावर आमटीचा डाग पडला की साबण लावताच तो लाल होतो, पाण्यात खळबळला की पुन्हा पिवळा दिसू लागतो, आणि दोरीवर उन्हात वाळत घातला की दिवसभरात फिका पडत जातो, हे आपल्याकडील प्रत्येक घरातील स्त्रीला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. हळदीतील हा पिवळा पदार्थ फोगेल आणि पेल्त्ये या रसायनज्ञांनी 1815 साली वेगळा काढला व त्याला कुर्कुमिन हे नाव मिळाले. आम्लात आणि शुद्ध पाण्यात तो पिवळाच राहतो, अल्काचा स्पर्श होताच तांबडा होतो, आणि पाण्यात जवळजवळ विरघळत नसला तरी स्पिरिटमध्ये सहज उतरतो. म्हणून आम्ही हळदीची पूड स्पिरिटमध्ये कालवून, वरचा निवळ अर्क टीपकागदावर फिरवून, तो कागद सावलीत वाळवतो. सावलीत का, त्याचा तपशील पुढे येईल.

आरंभीची काही वर्षे मी मुलांच्या हाती एक छापील तक्ता देत असे: डावीकडे लिंबाचा रस, चुन्याची निवळी, खाण्याचा सोडा, साबणाचे पाणी, उजवीकडे रिकामे रकाने. मुले कागदावर थेंब टाकीत आणि रकाने भरीत, परंतु बहुतेकांची दृष्टी शेजाऱ्याच्या तक्त्यावर असे, कारण रकाना भरला की काम संपले अशी त्यांची समजूत मीच करून दिली होती. एका वर्षी तक्ते छापून आले नाहीत, आणि वेळ निभावून नेण्यासाठी मी मुलांना सांगितले की याच पिवळ्या कागदावर सूर्यास्ताचे आकाश काढा, मात्र रंगाच्या पेटीला हात लावायचा नाही. त्या दोन तासांत मी जे पाहिले त्याने माझ्या अध्यापनाची दिशा बदलली. धुण्याच्या सोड्याचे पाणी कुंचल्याने लावले तर रक्तासारखा लाल येतो, पण क्षितिजाजवळचा नारिंगी कसा आणावा, या विवंचनेत पडलेली मुले आपण होऊन सोड्यात पाणी वाढवू लागली, थेंब मोजू लागली, आणि नऊ वर्षांच्या एका मुलाने चित्राच्या मागे ‘सोडा 1, पाणी 12’ असे प्रमाण टिपून ठेवले. लिंबाच्या रसाने लाल पुसून ढगांच्या पिवळ्या कडा काढता येतात हे कळले; तेथे पुन्हा लाल हवा असेल तर आधीचे आम्ल निष्प्रभ होईपर्यंत सोडा अधिक लागतो, हेही कळले. मापनाची ही निकड सूर्यास्ताने निर्माण केली, ती निर्माण करणे माझ्या कोणत्याही फर्मानाला साधले नव्हते. विज्ञानाच्या प्रतिकृतीला कडेने रंगीत कागद चिकटवला की कलेचा समावेश झाला असे मानणाऱ्यांशी माझा मतभेद आहे तो येथेच: चित्र मनासारखे उतरावे ही आस मुलाच्या हाताला काटेकोर करते, आणि काटेकोर झालेला हात डोळ्यांना बघायला भाग पाडतो.

अशाच एका सत्रात एका मुलीने मला निरुत्तर केले. ती म्हणाली, “सर, लिंबाने लाल जातो ना? मग माझी आजी म्हणते की हळकुंडे लिंबाच्या रसात आणि टाकणखारात भिजवूनच कुंकू करीत, ते लाल कसे राहते?” प्रश्न बिनतोड होता, आणि मी तिला एका आठवड्याची मुदत मागितली. उत्तर घरच्या कॅरमच्या पाटावर सापडले. पाटावर टाकायची ती बोरिक भुकटी मी कोमट पाण्यात विरघळवली, त्यात थोडा लिंबाचा रस घातला, आणि हे द्रव्य पोटात जाता कामा नये म्हणून स्वतःच्याच हाताने ते हळदीच्या कागदावर ओढले. ओली असताना रेघ पिवळीच होती. वाळता वाळता ती तांबूस झाली, आणि तिच्यावर कितीही लिंबू पिळले तरी ढळेना. सोड्याचे पाणी लावले तेव्हा मात्र ती लाल न राहता हिरवट काळी पडली. टाकणखारातील बोरॉन कुर्कुमिनशी संयोग पावून एक निराळाच लाल पदार्थ घडवतो. चुन्याने येणारा लाल आणि कुंकवाचा हा लाल दिसायला सख्खे भाऊ असले तरी त्यांचे कूळ भिन्न. त्या मुलीने दोन्ही लालांनी एक जास्वंद रंगवली आणि मग साऱ्या फुलावरून लिंबू फिरवले. निम्म्या पाकळ्या नाहीशा झाल्या, निम्म्या राहिल्या.

आता सावलीचा तपशील. हळदीच्या कागदावर पिंपळाचे पान ठेवून वर काच दाबली आणि तो काही तास कडक उन्हात ठेवला, तर उघडा भाग विटतो आणि पानाखालचा पिवळा शाबूत राहतो. त्यावरून सोड्याचे पाणी फिरवले की फिकट कागदावर तांबडे पान उमटते. वनस्पतींच्या रसांवरील सूर्यकिरणांचा हा परिणाम ज्योतिर्विद जॉन हर्शेल यांनी 1842 साली बारकाईने अभ्यासला होता, आणि कचेऱ्याकचेऱ्यांतून पुढे रूढ झालेली नकाशांची निळी प्रत निघाली तीही त्यांच्या त्याच वर्षीच्या संशोधनातून. परंतु हळदीच्या चित्राला कायमचे करण्याचा उपाय माझ्यापाशी नाही. एका मुलाने आपले पान भिंतीवर लावले आणि महिन्याभरात ते विटलेले पाहून तो माझ्याकडे फिर्याद घेऊन आला: चित्र बघायला उजेड लागतो आणि उजेडानेच ते जाते, मग ठेवायचे कुठे? मी त्याला कागदाच्या सात पट्ट्या दिल्या. त्याने एक खिडकीत, एक दिव्याखाली, एक वहीत अशा त्या वाटून ठेवल्या आणि प्रत्येकीवर तारीख घातली. सातवी काळ्या कागदात गुंडाळून माझ्या दफ्तरात आहे. ती दिवाळीची सुट्टी संपल्यावर, त्याच्या समक्ष उघडायची आहे.