दुखण्यावरची गोळी आणि कष्टाची हाडे

आपल्या घरांत बाईची कंबर दुखणे हा आजार धरलाच जात नाही. ताप आला, जुलाब झाले तर तिला दवाखान्यात नेतात. पण गुडघे धरले, बोटे सुजली, पाठ वाकली तर "आता वय झालं" एवढे बोलून विषय संपतो. आपल्या वस्तीत चाळिशीच्या बाईचेही वय झालेले असते! हाडे, सांधे आणि मूत्रपिंड या तिन्हींवर जगभर पुष्कळ संशोधन झाले आहे. त्यातले थोडेफार मला माझ्या सासूबाईंच्या आजारपणामुळे समजून घ्यावे लागले. ते आपल्या भगिनींच्या कानांवर घालावे, म्हणून हा लेखनप्रपंच.

सासूबाईंना आम्ही घरात आत्याबाई म्हणतो. १९७२ च्या दुष्काळात त्या वीस-एकवीस वर्षांच्या होत्या. तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यात दुष्काळी कामावर त्यांनी खडी फोडली, मातीच्या पाट्या वाहिल्या. मिलोची भाकरी आणि वाटपात मिळणारी सुकडी हेच तेव्हाचे जेवण. पोटात थोरली लेक होती. पुढे कुटुंब कल्याण पूर्वेला आले. मामंजी डोंबिवलीच्या एमआयडीसीत रोजंदारीवर लागले आणि आत्याबाई डोंबिवलीतच पाच घरची धुणीभांडी करू लागल्या. सकाळची लोकल, स्टेशनचे जिने, मग बिनलिफ्टच्या इमारतींचे तीन-तीन मजले. हे तीसएक वर्षे चालले.

आता विज्ञान काय सांगते ते पाहा. माणसाच्या हाडांची भरणी साधारण तिशीपर्यंत होते. त्यानंतर जमा थांबते आणि खर्च सुरू राहतो. पाळी गेल्यावर बाईच्या शरीरातील स्त्रीसंप्रेरक कमी होते आणि हाडांची झीज वेगाने होऊ लागते. हाड आतून पोकळ, जाळीदार होत जाते. यालाच अस्थिसुषिरता, म्हणजे ऑस्टिओपोरोसिस म्हणतात. हा आजार बोलत नाही. हाड मोडते तेव्हाच कळतो.

पूर्वी समज असा होता की हा श्रीमंत, गोऱ्या, घरात बसणाऱ्या बायकांचा रोग. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेत डॉ. वीणा शत्रुघ्न आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अल्प उत्पन्न गटातील तीस ते साठ वयाच्या बायकांची हाडे तपासली. तो अभ्यास २००५ साली प्रसिद्ध झाला आणि त्याने हा समज खोडून काढला. कष्ट करणाऱ्या या बायकांची हाडेही विरळ झालेली आढळली. त्यांच्या रोजच्या जेवणात कॅल्शियम तीनशे मिलीग्रॅमसुद्धा भरत नव्हते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०२० साली प्रौढांसाठी रोज १००० मिलीग्रॅमची शिफारस केली आहे. म्हणजे नुसत्या कष्टाने हाड बळकट होत नाही. ताटात काही असावे लागते. ज्या वयात आत्याबाईंच्या हाडांची भरणी व्हायची, त्या वयात त्या मिलो खाऊन खडी फोडत होत्या. हे त्यांचे नशीब किंवा पूर्वजन्मीचे काही नव्हे. याला कारण आहे आणि ते कारण मोजता येते.

सांध्यांच्या बाबतीत तर आपल्या महाराष्ट्रातच मोठे काम झाले आहे. जागतिक आरोग्य संघटना आणि संधिवाततज्ज्ञांची आंतरराष्ट्रीय संघटना यांनी १९८१ साली 'कॉपकॉर्ड' नावाचा कार्यक्रम सुरू केला. तज्ज्ञांनी शहरात रोग्याची वाट पाहू नये, वस्तीत जाऊन दुखणे शोधावे, असा त्याचा हेतू. पुण्याचे डॉ. अरविंद चोप्रा यांनी १९९६ साली इंदापूर तालुक्यातील भिगवण येथे हे काम सुरू केले. गावातल्याच प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी दारोदार जाऊन चार हजारांवर प्रौढांना विचारले, "कुठे दुखते?" साधारण दर शंभरात अठरा जणांना हाडा-स्नायूंचे किंवा सांध्यांचे दुखणे निघाले. खरा आमवात, ज्याला ऱ्हुमॅटॉइड म्हणतात, तो दर दोनशे माणसांत सुमारे एकाला होता. निम्म्याहून अधिक जणांचे दुखणे कोणत्याही ठरावीक सांधेरोगात बसत नव्हते. ते स्नायूंचे, शिरांचे, ओझ्याचे दुखणे होते. भगिनींनो, हा निष्कर्ष लक्षात ठेवण्यासारखा आहे. प्रत्येक सांधेदुखी म्हणजे आमवात नव्हे, आणि प्रत्येक दुखण्याला एकच गोळी नव्हे.

आत्याबाईंच्या बाबतीत उलटे घडले. २००६ साली महाराष्ट्रात चिकुनगुन्याची साथ आली. ताप आठवड्यात उतरला, पण सांधे धरले ते धरलेच. स्टेशनजवळच्या एका औषधाच्या दुकानात त्यांना एक गोळी मिळाली. अर्ध्या तासात बोटे वळू लागली. मग ती रोजची झाली, पुढे दिवसाला दोन. मध्ये कुणीतरी वाताची पुडी दिली. पुडीवर ना नाव ना गाव. तिने भूक वाढली, चेहरा भरला, शेजारणी म्हणाल्या, "तब्येत सुधारली!" दहा-अकरा वर्षे हे असेच चालले. २०१८ च्या पावसाळ्यात त्या मोरीत घसरल्या, उंची हातभरही नसेल, आणि खुब्याचे हाड मोडले. शस्त्रक्रियेआधी रक्त तपासले तर क्रिएटिनिन साडेतीन! सरकारी रुग्णालयातील तरुण डॉक्टरीणबाईंनी विचारले, "आजी, गोळ्या कोणत्या घेता?" आत्याबाईंनी कमरेची पिशवी काढून पुढे ठेवली.

त्या बाईंनी आम्हांला कागदावर चित्र काढून समजावले. दुखणे आणि सूज यांच्यामागे शरीरातील प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्ये असतात. ऍस्पिरिनसारख्या गोळ्या ती तयारच होऊ देत नाहीत, हे जॉन व्हेन यांनी १९७१ साली दाखवले. पण हीच द्रव्ये मूत्रपिंडातील रक्तवाहिन्या मोकळ्या ठेवतात. शरीरात पाणी कमी असेल तेव्हा मूत्रपिंड त्यांच्याच आधारावर तग धरते. गोळीने सांधा शांत होतो आणि तिकडे मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा आटतो.

कामगारांच्या बाबतीत हे जगाने आधीच पाहिले होते. स्वित्झर्लंडमधील घड्याळाच्या कारखान्यांतील कामगार डोकेदुखीसाठी फेनासेटिनच्या गोळ्या रोज खात. त्यांची मूत्रपिंडे बिघडल्याचे तेथील डॉक्टरांनी १९५३ साली नोंदवले. आपल्याकडची गिधाडेही अशीच गेली. जनावरांना दिलेले डायक्लोफिनॅक मेलेल्या गुरांच्या मांसातून त्यांच्या पोटात गेले, मूत्रपिंडे बंद पडली आणि त्यांच्या काही जाती नव्वद टक्क्यांहून अधिक घटल्या. कारण २००४ साली उघड झाले, २००६ साली जनावरांसाठी त्या औषधावर बंदी आली. माणसाला हे औषध गिधाडाइतके घातक नाही, हे खरे. पण महिनोन् महिने, तपासणीशिवाय घेतले तर निर्धोकही नाही.

आणि पुडीचे काय? अशा पुड्यांत पुष्कळदा स्टिरॉइड मिसळलेले असते. फिलिप हेंच यांनी १९४८ साली आमवाताच्या रुग्णाला पहिल्यांदा कॉर्टिझोन दिले तेव्हा अंथरुणाला खिळलेली बाई चालू लागली. १९५० साली त्या कामाला नोबेल मिळाले. पण लवकरच दिसले की हेच औषध दीर्घकाळ घेतल्यास हाडे ठिसूळ करते. योग्य हातांत ते जीव वाचवते, पुडीत ते हाड खाते. त्यात आणखी एक गाठ आहे. 'ड' जीवनसत्त्व शरीराला उपयोगी पडावे म्हणून त्यावरची शेवटची प्रक्रिया मूत्रपिंडात होते. केंब्रिजच्या फ्रेझर आणि कोडिसेक यांनी १९७० साली हे दाखवले. म्हणजे मूत्रपिंड गेले की हाडही जाते. सांध्यासाठी घेतलेल्या औषधाने दोन्हीकडून मार दिला.

मी आत्याबाईंना रागावून काही बोलले नाही. त्यांनीच एकदा विचारले, "गोळी खाल्ली नसती तर कामावर कोण गेलं असतं? चार खाडे झाले की घर सुटतं." याला माझ्याकडे उत्तर नाही. पगारी रजा नसलेल्या बाईसाठी ती गोळी औषध नसते, रोजी असते. आणि दुसरे, त्या दिवसभर पाणी पीत नसत. ज्या घरी भांडी घासायची तिथला संडास वापरू देत नसत आणि स्टेशनवरचा वापरवत नसे. घामाने सुकलेले शरीर, त्यात रोजची गोळी, मूत्रपिंड किती सोसणार? कुणाच्या घरी कामाला बाई असेल तर तिला पाणी द्या, संडास वापरू द्या. हीसुद्धा आरोग्यसेवाच आहे.

आत्याबाई आज हयात आहेत. काठी घेऊन चालतात, डायलिसिसची वेळ अजून आलेली नाही. आपल्या भगिनींसाठी काही गोष्टी मात्र स्पष्ट लिहिते.

सकाळी उठल्यावर बोटे तासभर ताठ राहत असतील, दोन्ही हातांचे सांधे सुजत असतील तर गोळी विकत आणू नका, संधिवाताच्या डॉक्टरांना दाखवा. आमवातावर मेथोट्रेक्सेट हे चांगले आणि स्वस्त औषध आहे. आपल्याच आंध्रचे डॉ. येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या देखरेखीखालील संशोधकांनी ते १९४० च्या दशकात अमेरिकेत तयार केले. पण ते आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते. रोज घेतल्यास जीवावर बेतते.

दुखण्याची गोळी काही दिवसांपेक्षा जास्त लागत असेल तर रक्तातील क्रिएटिनिन आणि लघवी तपासून घ्या. मधुमेह, रक्तदाब असेल तर आधी तपासणी, मग गोळी. बिननावाची पुडी घेऊ नका. बराच काळ घेतली असेल तर एकदम बंदही करू नका, डॉक्टरांना पुडी दाखवा. मुलींच्या ताटात नाचणी, तीळ, काट्यांसकट खाता येणारी सुकी मासळी असू द्या. शंभर ग्रॅम नाचणीत सुमारे साडेतीनशे मिलीग्रॅम कॅल्शियम असते. मूत्रपिंडाचा त्रास आधीच असेल तर मात्र आहार डॉक्टरांना विचारूनच ठरवा. खर्चाची धास्ती असेल तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची चौकशी करा, तिच्यात डायलिसिसही आहे.

भिगवणला कार्यकर्ते दारोदार गेले तसे आपल्या महिला मंडळांना कोळसेवाडीत, कळव्यात, डोंबिवलीत जाता येईल. वही-पेन घेऊन दोनच प्रश्न विचारायचे: कुठे दुखते, आणि त्यावर काय घेता? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मिळाले की पिशवीही बघायला मागा.