श्रीनगरची शाल आणि कातणारे हात

मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही काश्मीरला निघालो, तेव्हा मालेगावच्या घरी अम्मीने एवढेच सांगितले, "शाल आणा, पण बघून आणा." अम्मीचे बघणे म्हणजे बोटांनी बघणे. तिच्या लहानपणी घरात हातमाग होता आणि शाळेत जायच्या वयात ती चरख्यावर कांड्या भरत बसायची. पुढे गल्लोगल्ली पॉवरलूम आले. आज आमच्या मोहल्ल्यात रात्री लाइट गेली, की खडखड थांबल्यामुळेच जाग येते.

श्रीनगरला पोहोचलो त्याच संध्याकाळी डल सरोवराजवळच्या एका दुकानात शिरलो. दुकानदाराने एक शाल अंगठीतून सर्रकन ओढून दाखवली. "प्युअर पश्मिना," म्हणाला, 1,800 रुपये. आम्ही घासाघीस करून ती 1,200 ला घेतली आणि खुशीत परतलो. ज्यांच्या घरी उतरलो होतो त्या यजमानांनी ती हातात घेतली, हसले, बोलले काहीच नाही. सकाळी चहा देताना म्हणाले, "चला, आज आमच्या खालाकडे जाऊ."

वाटेत झेलमच्या काठी खानकाह-ए-मौला लागते. हजरत मीर सय्यद अली हमदानी (रह.) चौदाव्या शतकात इराणहून इथे आले. त्यांच्यासोबत आलेल्या माणसांनी काश्मिरींना अनेक हुन्नर शिकवले, शालीची कलाही त्यातलीच, असे इथले कारागीर मानतात. सुलतान जैनुल आबिदीनने बाहेरून विणकर आणवले, असेही सांगतात. लाकडाची ती इमारत, आतले नक्षीकाम, आणि दारासमोरच्या गल्ल्यांत आजही रफूगर, रंगरेज, विणकर. आम्ही तिथे दोन रकात नफिल पढलो आणि पुढे गेलो.

खाला खिडकीजवळ बसल्या होत्या. समोर चरखा, काश्मिरीत त्याला येंदर म्हणतात. मांडीवर राखाडी कापसासारखे काहीतरी. हीच पश्म. लडाखच्या चांगथांगमध्ये 14,000 फुटांच्या आसपास बकऱ्या पाळतात. तिथल्या कडाक्याच्या थंडीत त्यांच्या अंगावर राठ केसांच्या आत मऊ लव येते, ती वसंतात कंगव्याने विंचरून काढतात. एक तंतू 12 ते 16 मायक्रॉनचा, म्हणजे आपल्या केसाच्या चौथ्या-पाचव्या हिश्श्याएवढा. खाला आधी त्यातले जाड केस वेचून काढतात, पश्म तांदळाच्या पिठात घोळवतात म्हणजे चिकटपणा जातो, मग कातायला बसतात. त्यांचा डावा हात वर उचलला जाई तसा हवेत धागा तयार होई. आम्हाला तर तो उजेडाकडे धरल्याशिवाय दिसतही नव्हता.

आम्ही आमची शाल पिशवीतून काढली. खालांनी ती चुरगाळली, कड उसवून एक धागा ओढला. तो तुटेना. त्या काश्मिरीत काहीतरी बोलल्या. यजमानांनी उर्दूत सांगितले, "म्हणतात, पश्म असती तर एवढी जिद्दी नसती."

गोम इथेच आहे. हाताने कातलेली पश्म इतकी नाजूक, की पॉवरलूमचा झटका तिला सोसत नाही. म्हणून यंत्रावर चढवायची तर त्यात नायलॉन मिसळतात, आणि विणून झाल्यावर ते आम्लाने काढून टाकतात. कापड दिसायला देखणे, पण तंतू मेलेला. आमच्या शालीत तर पश्म नव्हतीच. अंगठीची परीक्षा म्हणजे निव्वळ तमाशा. कुठलेही तलम कापड अंगठीतून जाते. श्रीनगरच्या क्राफ्ट डेव्हलपमेंट इन्स्टिट्यूटमध्ये शाल तपासून घेता येते, हाताने कातलेली-विणलेली ठरली तर तिला जीआयची चिठ्ठी लागते. खरीदताना ती मागावी.

मजुरी विचारायला जीभ कचरत होती, तरी विचारली. धाग्यांच्या एका गाठीचा सव्वा रुपया. दिवसभर बसले तर दीडशेच्या आसपास. पूर्वी या गल्लीत घरोघर येंदर चालायचे, विधवांची घरे त्यावर चालली, मुलींची लग्ने झाली. मशीनचे सूत आले आणि येंदर माळ्यावर गेले. "माझी सूनही शिकली होती," खाला म्हणाल्या, "आता नाही बसत. मी तरी कोणत्या तोंडाने सांगू?" काल संध्याकाळी सहाशे रुपये कमी करून घेतल्याचा आमचा आनंद आम्हाला आठवला.

या शालीने जगाला ऊब दिली, विणकराला कधीच नाही. डोगरा राजवटीत दाग-शाल नावाचे खाते होते. शिक्का मारल्याशिवाय शाल विकता येत नसे आणि कराने विणकर पार पिळून निघत. 29 एप्रिल 1865 रोजी ते श्रीनगरच्या जालडगरला जमले. फौजेने त्यांना घेरले, त्यात 28 विणकर गेले. कितीतरी आधीच पंजाबात, अमृतसर-लुधियान्याला पळाले होते. मग 1870 च्या फ्रान्स-प्रशिया युद्धात युरोपची गिऱ्हाईकी बसली आणि 1877 च्या दुष्काळात उरलेसुरले विणकर उपासमारीने मेले. आपण जिला कोयरी म्हणतो ती नक्षी जगभर 'पेस्ली' म्हणून ओळखली जाते. पेस्ली हे स्कॉटलंडमधले, काश्मिरी शालीची नक्कल विणणारे गाव!

गुलमर्गच्या वाटेवर कनिहामा गावात थांबलो. इथे कानी शाल विणतात. धोटा नाही, रंगीत सुताच्या छोट्या छोट्या लाकडी काड्या, त्याच कानी. मागासमोर एक कागद टांगलेला, त्यावर खुणांच्या ओळी: कोणता रंग, किती धागे. त्या कागदाचे नाव तालीम. आम्ही दोघे शाळामास्तर, पंचवीस वर्षे तालीमच करत आलो, पण अशी वाचली नव्हती. विणकराने एक ओळ वाचून काड्या फिरवल्या; कापड दोऱ्याच्या जाडीएवढे वाढले. हातातल्या शालीला वर्ष होऊन गेले होते. किंमत विचारली नाही.

अस्सल पश्मिना आमच्या पगारात बसली नाही. एका विणकराकडून रफल घेतली. त्याने स्वतःच सांगितले, सूत गिरणीचे आहे, कडेची सोजनी तेवढी हाताची. सांगितला तो भाव दिला.

निघताना खालांनी पश्मीचा वीतभर धागा कागदात गुंडाळून दिला होता. घरी अम्मीने रफल पांघरली, खूष झाली. मग कागद उघडला. धागा चिमटीत धरून पीळ उलटा सोडला, जरासा ताणला. तुटला. अम्मी बराच वेळ ती दोन टोके बघत राहिली. बाहेर लूम चालू होते.

"ये लूम पे एक मिनट नै टिकेगा," ती म्हणाली, आणि दोन्ही टोके बोटांत घेऊन पुन्हा जोडायला लागली.