न घडलेला प्रवास

स्पॅनिश शिकवणाऱ्या शाळांतून एक उपक्रम जवळजवळ ठरून गेलेला असतो. वर्गाचे चार-चार, पाच-पाच जणांचे गट पाडले जातात. कुणाच्या वाट्याला पेरू येतो, कुणाच्या मेक्सिको, कुणाच्या प्रत्यक्ष स्पेन. आणि आठ-दहा दिवसांच्या प्रवासाची सारी आखणी त्या गटाने स्पॅनिशमधून करायची असते. एक जण तिकिटांचे पाहतो, दुसरी मुक्कामाचे, तिसरा खाण्यापिण्याचा मक्ता स्वतःकडे घेतो. चौथा बहुधा काहीच करीत नाही आणि शेवटच्या संध्याकाळी पुठ्ठ्यावर नकाशा रंगवून आपली सुटका करून घेतो. ठरल्या दिवशी भिंतीवर माचू पिक्चू आणि अल्हाम्ब्रा शेजारीशेजारी झळकतात, आणि ज्यांनी विमान केवळ आकाशात पाहिलेले असते अशी मुले हॉटेलच्या कारकुनाशी, म्हणजे शेजारच्या बाकावरच्या मैत्रिणीशी, खोलीच्या भाड्यावरून घासाघीस करू लागतात.

या उपक्रमाचे कूळ शोधू गेल्यास ते अमेरिकेत सापडते. मनापासून हाती घेतलेल्या सहेतुक कृतीतूनच खरे शिक्षण होते, हा विचार विल्यम हर्ड किलपॅट्रिक यांनी १९१८ साली ‘द प्रोजेक्ट मेथड’ या निबंधात मांडला. नेमक्या त्याच सुमारास पहिल्या महायुद्धाच्या वातावरणात तेथील अनेक शाळांतून जर्मन भाषेची उचलबांगडी झाली आणि त्या रिकाम्या जागेवर स्पॅनिश येऊन बसली. शत्रूची भाषा गेली म्हणून शेजाऱ्याची आली. अभ्यासक्रमातील भाषांच्या निवडीमागे भाषाप्रेमच असते अशी समजूत करून घेण्याचे कारण नाही.

तरीही लटका प्रवास भाषा शिकवतो, हे नाकारता येत नाही. पाठ्यपुस्तकातील शब्द जागचे हलत नाहीत. प्रवासात मात्र ते हलतात. ‘तोर्तिया’ मागितली असता स्पेनमध्ये अंडी-बटाट्याचा जाड थर समोर येतो आणि मेक्सिकोत मक्याची पातळ भाकरी. तिकिटाला स्पेनमध्ये ‘बियेते’, मेक्सिकोत ‘बोलेतो’. क्यूबात बस पकडायची तर ‘ग्वाग्वा’ म्हणावे लागते. एका भाषेच्या पोटात इतके देश नांदतात, हे भाड्याचा तक्ता भरताना जितके उमगते तितके व्याकरणाच्या पुस्तकात उमगत नाही.

हा अभ्यास पुण्यात किंवा मुंबईत करणाऱ्या मराठी विद्यार्थ्याला तर वाटेत ओळखीची माणसे भेटत राहतात. साखरेचा ‘असूकार’ हा संस्कृत शर्करेचा फारसी-अरबी वाटेने स्पेनला पोहोचलेला वंशज. ‘नारांखा’ म्हणजे नारिंग. आणि बुद्धिबळाचे ‘आखेद्रेस’ हे नाव चतुरंगाचेच रूपांतर. उलट दिशेने कॅरिबियन बेटांवरची ‘बटाटा’ पोर्तुगिजांच्या जहाजातून या किनाऱ्याला लागली, आणि तेथे ज्या शब्दाने रताळे ओळखले जाते त्याच शब्दाने येथे दुसरेच कंद शिजू लागले. आवडनिवड सांगताना इंग्रजी मुलूखातला विद्यार्थी हमखास अडखळतो, कारण त्याच्या वाक्यात आवडणारा माणूस हाच कर्ता असतो. स्पॅनिशमध्ये ‘मे गुस्ता एल मार’, मराठीत ‘मला समुद्र आवडतो’. दोन्हीकडे माणूस बाजूला उभा राहतो आणि क्रियापद समुद्राच्या तंत्राने चालते. आदरार्थी ‘उस्तेद’ची गोष्ट अधिकच गमतीची. हा शब्द ‘वुएस्त्रा मेर्सेद’, म्हणजे ‘आपली कृपा’, या जुन्या संबोधनाचा झिजलेला अवशेष असल्याने समोरच्या माणसाशी बोलतानाही क्रियापद तृतीय पुरुषी येते. ‘स्वारी कुठे निघाली?’ असे विचारणाऱ्या भाषेत वाढलेल्याला याचे नवल का वाटावे?

एवढे पदरात पडूनही या प्रवासात काही खोटे राहून जाते. त्यातला प्रवासी हा सर्वस्वी गिऱ्हाईक असतो. त्याची वाक्ये ‘मला हवे आहे’, ‘कितीला?’, ‘कुठे आहे?’ एवढ्या परिघात फिरतात. त्याला भेटणारी माणसे वाढपी, कारकून आणि टॅक्सीवाले यांपलीकडची नसतात. तो प्रश्न विचारतो. त्याला कुणी काही विचारीत नाही. ‘केरो’, म्हणजे ‘मला हवे’, हे त्याच्या भाषेचे मुख्य क्रियापद.

अमेरिकेतील अशा वर्गात पुष्कळदा एखादा मुलगा असाही बसलेला असतो, ज्याच्या घरी स्पॅनिशच बोलली जाते. त्याचे आईवडील किंवा आजीआजोबा सीमेपलीकडून आलेले. त्यांच्या प्रवासाला रंगीत माहितीपत्रक नव्हते. त्याची स्पॅनिश स्वयंपाकघरातली, अंगाई आणि रागावणे यांची. ट्रकला तो ‘त्रोका’ म्हणतो आणि त्याबद्दल गुण गमावतो, कारण पुस्तकातला शब्द वेगळा असतो. गट त्याच्याकडून उच्चार सुधारून घेतो आणि नाट्यप्रवेशात मात्र त्यालाच हॉटेलचा कारकून करतो. यात कुणाचा दुष्टावा नसतो. प्रवास म्हणजे सहल, ही व्याख्या एकदा पत्करली की ज्याने खरोखर प्रवास केला त्याला द्यायला भूमिकाच उरत नाही.

या अवघडलेपणामागे इतिहास आहे. टेक्ससमधील मार्फा गावी मेक्सिकन वंशाच्या मुलांसाठी वेगळी ठेवलेली ब्लॅकवेल शाळा होती. तेथे १९५४ साली मुलांकडून स्पॅनिश न बोलण्याच्या प्रतिज्ञेच्या चिठ्ठ्या लिहून घेण्यात आल्या आणि ‘श्रीयुत स्पॅनिश’ यांची लुटुपुटीची अंत्ययात्रा काढून त्या चिठ्ठ्या पुरण्यात आल्या. तोही एक सामुदायिक शालेय उपक्रमच होता, आणि परिणामाच्या दृष्टीने पाहिले तर अनेकांपेक्षा टिकाऊ. १९६५ मध्ये ती शाळा बंद झाली. तिची इमारत आज राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ म्हणून जपली जाते.

युरोपात याच सुमाराच्या आधी शालेय उपक्रमाने वेगळे वळण घेतले होते. फ्रान्समधील सेलेस्तँ फ्रेने या खेड्यातल्या शिक्षकाने १९२४ पासून वर्गात छोटे मुद्रणयंत्र आणले. मुलांनी स्वतःचे लिहावे, स्वतः खिळे जुळवावेत, छापावे आणि दूरच्या शाळेला टपालाने पाठवावे. येथे मुले जागेवरच राहत, प्रवास त्यांचे लिखाण करी. तिकडे कुणीतरी अनोळखी वाचणारे आहे, या एका जाणिवेने वाक्याला कणा येतो.

ही पद्धत घेऊन आंतोनी बेनाइजेस हा कॅटलन शिक्षक १९३४ साली स्पेनच्या बुर्गोस प्रांतातील बान्युएलोस दे बुरेबा या लहानशा शेतकरी गावात आला. तो समुद्राजवळच्या मुलखातला. त्याची मातृभाषा कॅटलन, तेव्हा शाळेतली कॅस्तियन स्पॅनिश ही त्याच्याही दृष्टीने कमावलेली भाषा होती. स्वतःच्या पैशातून त्याने मुद्रणयंत्र विकत घेतले. नकाशावर उत्तरेचा समुद्र या गावापासून फार दूर दिसत नाही. पण मुलांपैकी कुणी तो पाहिलेला नव्हता. उन्हाळ्यात तुम्हांला समुद्र दाखवीन, असे त्याने त्यांना वचन दिले. १९३६ च्या जानेवारीत मुलांनी एक वही छापली. समुद्र कधीच न पाहिलेल्या मुलांना तो कसा दिसतो, असा तिच्या शीर्षकाचा आशय.

या वहीचे व्याकरण पाहण्यासारखे आहे. ‘हवे’ची जागा येथे ‘सेरा’ने, म्हणजे ‘असेल’ने घेतली आहे. स्पॅनिशचा भविष्यकाळ मराठीप्रमाणेच दोन कामे करतो. पुढे घडणारे सांगतो आणि आज ठाऊक नसलेल्याचा अंदाजही बांधतो. ‘तो घरी असेल’ म्हणताना मराठी माणूस जे करतो तेच ही मुले समुद्राविषयी करीत होती. तो किती रुंद असेल, किती खोल असेल. जे मिळवायचे आहे त्याची यादी करणे वेगळे आणि जे ठाऊक नाही त्याच्यासमोर भाषा घेऊन उभे राहणे वेगळे. दहा-बारा वर्षांच्या मुलांनी हे दुसरे काम केले, आणि तेही चारचौघांनी मिळून, शाईने हात काळे करीत.

तो उन्हाळा आला तो यादवी युद्ध घेऊन. १९३६ च्या जुलैत लष्करी उठाव होताच बुर्गोस बंडखोरांच्या हाती गेले. १९ जुलैला बेनाइजेसला पकडण्यात आले आणि २५ जुलैला त्याला गोळ्या घालण्यात आल्या. ला पेद्राखा येथील सामूहिक दफनभूमी २०१० साली उकरण्यात आली तेव्हा शंभराहून अधिक जणांचे अवशेष निघाले, आणि त्या निमित्ताने विस्मरणात गेलेल्या या शिक्षकाचे नाव पुन्हा उच्चारले जाऊ लागले. २०२३ मध्ये पात्रिसिया फोन्त यांनी त्याच्यावर चित्रपट केला.

वही मागे राहिली आहे. तिच्यात समुद्राबद्दल कुतूहल आहे, तसा धसकाही आहे. एका मुलीने लिहिले आहे की, गुरुजी सर्वांना समुद्रात डुंबायला नेणार म्हणतात, पण आपल्याला बुडण्याची भीती वाटते, तेव्हा आपण काही जाणार नाही. ज्याने ते वचन दिले होते त्याने हा नकार खोडला नाही. इतर मजकुराबरोबर तोही खिळे जुळवून छापला गेला.