वखारीतले घर

'हाउस' हे एका संगीताचे नाव आहे, हे मला शिकागोत लेकीकडे राहायला गेल्यावर कळले. तोपर्यंत 'हाउस' म्हटले की डोळ्यांपुढे नाटकाच्या तिकीटखिडकीवरची 'हाउसफुल्ल'ची पाटी तेवढी यायची!

या नावाची हकिगत मोठी गमतीची आहे. १९७७ साली शिकागोच्या जेफर्सन स्ट्रीटवर एका जुन्या इमारतीत 'वेअरहाउस' नावाचा क्लब निघाला. वेअरहाउस म्हणजे आपली वखार. फ्रँकी नकल्स नावाचा तरुण तिथे रात्रभर तबकड्या वाजवी. एका तबकडीवरचे गाणे संपायच्या आत दुसरीवरचे त्यात असे मिसळायचे, की ठेका तुटता कामा नये. येणारे बहुतेक कृष्णवर्णीय आणि लॅटिन तरुण. त्यांतले पुष्कळ समलिंगी. इतरत्र ज्यांच्याकडे लोक वाकड्या नजरेने बघत, त्यांना ही वखारच घर वाटली. पुढे 'वेअर' गळाले, 'हाउस' उरले.

बाहेरची हवा मात्र निराळी होती. १२ जुलै १९७९ रोजी याच शहरात बेसबॉलच्या मैदानावर डिस्कोच्या तबकड्यांची पेटी स्फोट करून उडवली गेली आणि हजारो प्रेक्षक मैदानात घुसले. पण गाणे का असे सुरुंगाने मरते?

दक्षिण शिकागोतल्या वेन विल्यम्सने १९७७ मध्येच तबकड्या वाजवणाऱ्यांची एक टोळी जमवायला घेतली होती. तिचे नाव 'चोझन फ्यू'. त्यांच्यापैकी जेसी सॉन्डर्सची १९८४ मधली 'ऑन अँड ऑन' ही हाउसच्या अगदी पहिल्या तबकड्यांत गणली जाते. मग जो तो पोटापाण्याला लागला. अ‍ॅलन किंग तर चक्क वकील झाले! १९९० च्या जुलैत टोळीतल्या हॅचेट बंधूंच्या घरची सहल जॅक्सन पार्कमध्ये, विज्ञान संग्रहालयाच्या मागे निघाली. तिथे ही मंडळी पुन्हा तबकड्या घेऊन बसली. पुढे मित्रांनी मित्र आणले आणि घरगुती सहलीची जत्रा झाली.

लेकीने एका वर्षी मलाही तिथे नेले. तंबूतंबूंतून कोळशाच्या शेगड्या पेटल्या होत्या. साठीच्या बाया नातवंडांचे हात धरून नाचत होत्या. "बाबा, नुसता पायाने ठेका धरा," लेक म्हणाली. मिनिटाला १२० च्या आसपास ठोके. माझ्या गुडघ्यांनी त्यातले निम्मेच मान्य केले.

शेजारच्या तंबूतल्या बाई जुन्या दिवसांपासून येणाऱ्या. कुंपणाकडे बोट दाखवून म्हणाल्या, "पूर्वी आम्ही नुसते डबे घेऊन यायचो. आता स्वतःच्या घरात शिरायला तिकीट काढावे लागते!"

त्यांचे दुःख मला समजले. हजारो माणसे यायची, तर पहारा हवा, पाणी हवे, साफसफाई हवी. या साऱ्याला पैसा लागतो. पण घर मोठे होताना पहिली माणसे अंगणात उभी राहिली, तर ते वाढणे कसले?

तेवढ्यात बाईंनी भाजलेले कणीस माझ्या हाती दिले. "आधी खा. नाच काय, रात्रीपर्यंत चालायचाच!"

तिकिटावर जागा मिळते. हा आग्रह मात्र घरचाच असावा लागतो. आणि तो त्या कुंपणाच्या आत अजून शिल्लक होता.