अढी

रत्नागिरीत अढी म्हटली की आधी हापूस आठवतो. झेल्याने अलगद उतरवलेला, देठ राखलेला आंबा भाताच्या पेंढ्यात थराथराने मांडतात, ती अढी. व्यायामशाळेत हाच शब्द मल्लखांबावरच्या पकडीचा. आणि तिसरी अढी मनातली, एकदा बसली की पिढ्या गेल्या तरी न सुटणारी. चीनचा ताओविचार रोजच्या जगण्यात कसा आणावा, हे मराठी माणसाला सांगायचं तर या एका शब्दापासून सुरुवात करावी, असं मला वाटतं.

'ताओ ते चिंग' हा ग्रंथ लहानसा: ८१ प्रकरणं, जेमतेम पाच हजार चिनी अक्षरं. परंपरेने तो लाओत्सेच्या नावावर आहे. त्यातल्या 'वू वेई' या कल्पनेचं भाषांतर 'अकर्म' असं केलं की घोटाळा होतो. वाचणाऱ्याला वाटतं, स्वस्थ बसायला सांगितलंय. ताओपरंपरेतल्याच च्वांगत्सेच्या ग्रंथातली गोष्ट हा गैरसमज दूर करते. एका खाटकाची सुरी एकोणीस वर्षं वापरूनही नवी असल्यासारखी धारदार असते. कारण तो हाडावर घाव घालत नाही, सांध्यातली फट शोधतो. अवघड गाठ आली की मात्र त्याचा हात मंदावतो, नजर तिथेच खिळते. जोर न लावणं आणि काम न करणं या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

मल्लखांबावर हे अंगाला कळतं.

दुसऱ्या बाजीरावाच्या काळात बाळंभटदादा देवधरांनी या विद्येला पुन्हा ऊर्जितावस्था आणली, ती मुळात कुस्तीला पूरक म्हणून. सागवानी किंवा शिसवी खांब, त्याला एरंडेलाचा हात. अढी मारताना हातांनी खांब धरून पाय वर न्यायचे, मांड्यांनी खांब आवळायचा, डोकं खाली. नवखा मुलगा सगळंच आवळतो: मुठी, मान, जबडा, श्वाससुद्धा. मिनिटभरात थकतो आणि घसरतो. काही आठवड्यांनी त्याच्या लक्षात येतं की धरायचं काम मांड्यांचं आहे. खांदे आणि चेहरा मोकळे सोडले तरी तो पडत नाही. त्या दिवशी त्याचा श्वास पहिल्यांदा सुरळीत ऐकू येतो. शिकवणाऱ्याला याहून मोठा आनंद नसतो. घाटात गाडी चालवताना सुकाणू गच्च धरणाऱ्याला किंवा वरिष्ठांच्या एका ओळीच्या संदेशाने दिवसभर जबडा आवळून बसणाऱ्याला नेमकं हेच शिकायचं असतं.

पेंढ्यातल्या अढीलाही घाई सोसत नाही. तयार फळ निवडणं, डाग लागलेलं वेगळं काढणं, थर नीट लावणं हे सगळं माणसाने करायचं, पिकणं आंब्याचं. कार्बाइड घालून पिकवलेल्या फळाला रंग येतो, गोडी येत नाही. अन्नसुरक्षेच्या नियमांनी त्यावर बंदी आहे, तरी मोह सुटत नाही.

माणसाच्या बाबतीतही घाई न केल्याचं उदाहरण रत्नागिरीतच आहे. इथल्याच टिळक आळीत १८५६ साली जन्मलेल्या लोकमान्य टिळकांची प्रकृती लहानपणी नाजूक होती. डेक्कन कॉलेजातलं पहिलं वर्ष त्यांनी अभ्यास मागे ठेवून व्यायामाला दिलं. पुढे मंडालेच्या तुरुंगवासात, १९१०-११च्या हिवाळ्यात, त्यांनी पेन्सिलीने 'गीतारहस्य' लिहून काढलं. त्या कष्टाची पायाभरणी मला त्या 'वाया गेलेल्या' वर्षात दिसते. गीतेतलं निष्काम कर्म आणि वू वेई एकच, असं मी म्हणणार नाही. गीतेत कर्तव्य आहे. लाओत्सेला कर्तव्याचा गाजावाजाही नकोसा. पण हातातलं काम टाकून द्या, असं दोघंही सांगत नाहीत.

राहिली मनातली अढी. सामाईक सातबाऱ्यावरून, बांधावरच्या एका फणसावरून भाऊ भावाशी बोलेनासा होतो. गणपतीला एकाच घरात येऊनही पाठ फिरवून बसतो. मल्लखांबावरची अढी उतरताना सोडावीच लागते, आणि सोडायलाही धरण्याइतकाच सराव लागतो. घाईने सोडली तर डोक्यावर आपटणं ठरलेलं.

म्हणून पालकांना एक विनंती. दिवाळीच्या सुट्टीत मुलाला किंवा मुलीला मल्लखांबावर घातलंत, तर किती वर जाता आलं असं लगेच विचारू नका. अढी सोडून नीट खाली उतरता आलं का, ते विचारा.